पगारेकाकांच्या हातावरची मेंदी

भिमाजी पगाऱ्यांपुढे बंद पडलेलं यंत्र ठेवायचं आणि सांगायचं, "हात लावू नका." यापेक्षा कडक शिक्षा कायद्याच्या पुस्तकात नसेल. माणूस तसा सालस. चहा बिनसाखरेचा, आवाज कधी चढलेला कोणी ऐकलेला नाही, रिक्षावाल्यालासुद्धा अहो-जाहो. पण कुठे पंखा जरा कुरकुरला की यांचा उजवा हात खिशातल्या टेस्टरकडे आपोआप जातो. पाहुणे म्हणून कोणाकडे गेले की ते आधी छताकडे बघतात, पंख्याची प्रकृती विचारतात आणि मग माणसांची. मुलासाठी, बुद्धभूषणसाठी, स्थळ बघायला ओझरला गेले होते, तेव्हा मुलीच्या आईने मिक्सर बिघडल्याचं सहज सांगितलं. भिमाजी स्वयंपाकघरात गेले ते दीड तासाने हसत बाहेर आले आणि सगळ्यांना नमस्कार करून घरी परतले. मुलगी पसंत आहे की नाही हे सांगायचं राहूनच गेलं. ते स्थळ पुढे गेलं नाही. मिक्सर मात्र अजून चालतो, असं ओझरकर दर दिवाळीला न चुकता कळवतात.

हे भिमाजी सरकारी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचे. नाशिकच्या उपनगर भागात दोन खोल्या आणि एक गॅलरी एवढं घर. कामाचा मुलूख मात्र पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांचा. डोंगरातली बारा प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे होती. रक्तदाब मोजायचं यंत्र, घशातला चिकटा ओढून काढायचं यंत्र, लस थंड ठेवायची पेटी, आणि या सगळ्यांत लाडका म्हणजे वॉर्मर: नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वरून ऊब देणारी उघडी खाट. एकतीस वर्षं खांद्याला तपकिरी पिशवी अडकवून भिमाजी एसटीने, जीपने आणि उरलेलं पायी या बारा गावांत फिरले. जीपवाले त्यांना नावाने ओळखत नसत, पिशवीने ओळखत. "पिशवी आली, सरका," असं म्हणून पुढची जागा मिळायची.

त्यांचा फोन सतत वाजायचा, आणि भिमाजींना या वाजण्याचं फार सुख होतं. तोंडाने म्हणायचे, "दोन घास सुखाने खाऊ देत नाहीत." पण फोन वाजला की घास तसाच ठेवून उठायचे, आणि उठताना चेहऱ्यावर असं तेज यायचं की अंजलीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजीत मीठ कमी पडलं तर मुद्दाम फोनची वाट बघत.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे दसऱ्याचा दुसरा दिवस. दसऱ्याला भिमाजी स्वतः पांढरा शर्ट घालून कुटुंबासह त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी वंदनेला जायचे, आणि त्याच वेळी तिकडे डोंगरात बाराही केंद्रांवर यंत्रांची पूजा चालू असायची. यंत्र म्हणजे हत्यार, आणि हत्याराला दसऱ्याला आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ ही झालीच पाहिजे. श्रद्धेला कोणाची हरकत नाही. पण हळदकुंकू नेमकं कुठे वाहावं याचे काही नियम नव्हते. जिथे भोक दिसेल तिथे चिमूट. परिणामी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून फोन सुरू व्हायचे. बारापैकी किमान सात यंत्रं देवपण येऊन गप्प बसलेली असायची. मग भिमाजी टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन निघायचे, आठवडाभर कुंकू खरवडायचे आणि नवव्या दिवशी घरी येऊन समाधानाने म्हणायचे, "मी नसतो तर यांचं काही खरं नव्हतं."

हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं आनंदाने म्हटलं. बत्तिसाव्या वर्षी त्याच वाक्याने त्यांची झोप उडवली.

सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. जागेवर दुसरा माणूस कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेब चांगले होते, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. "तोपर्यंत बंद पडलेलं यंत्र नाशिकला पाठवायला सांगू," ते म्हणाले. भिमाजींनी ते गोदाम पाहिलं होतं. तिथे दुरुस्तीसाठी आलेल्या एका यंत्रात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, आणि त्या माश्यांची आता तिसरी पिढी नांदत होती.

गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट भिमाजींच्या मनातून जात नव्हती. दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात त्यांना डेंग्यू झाला आणि ते अकरा दिवस अंथरुणात पडले. नेमका त्याच वेळी सुरगाण्यापलीकडच्या गोंदणपाड्याचा वॉर्मर बंद पडला. डोंगरातली थंडी, त्या अकरा दिवसांत तीन कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधून, वर दोन-दोन घोंगड्या टाकून तीन तासांच्या वाटेने नाशिकला आणावी लागली. तिन्ही जगली. पण बरे झाल्यावर भिमाजी तिथे गेले, तेव्हा वॉर्मरला काय झालं होतं? फ्यूज उडाला होता. बोटाच्या पेरापेक्षा लहान फ्यूज. चार मिनिटांचं काम.

आता ते गेल्यावर पुढच्या डिसेंबरात काय? हा एकच प्रश्न त्यांना ऑगस्टपासून पोखरत होता.

"मी सगळ्यांना शिकवलंय," एका रविवारी जेवताना ते अंजलीताईंना म्हणाले. "गेल्या दहा वर्षांत चौदा प्रशिक्षणं घेतली. फ्यूज बदलणं तर प्रत्येक वेळी दाखवलं."

"मग फ्यूजसाठी फोन का येतो?"

"ते... त्यांना आत्मविश्वास नाही."

"तुम्ही शिकवता तेव्हा स्क्रू ड्रायव्हर कोणाच्या हातात असतो?"

भिमाजींनी वरण भातावर घेतलं. बराच वेळ घेतलं.

"अहो, मी बघितलंय तुमचं शिकवणं," अंजलीताई म्हणाल्या. "मला कुकरचा व्हॉल्व्ह बसवायला शिकवत होतात ना? 'बघ, असं धरायचं' म्हणालात, कुकर माझ्या हातातून घेतलात, बसवलात आणि 'आलं ना लक्षात?' म्हणून निघून गेलात. तुम्ही शिकवत नाही, गारुड्याचा खेळ करता. लोक टाळ्या वाजवतात आणि पुढच्या खेळाची वाट बघतात."

हे खरं होतं. चौदाही प्रशिक्षणांत टाळ्या झाल्या होत्या.

"मी हात आवरायचा प्रयत्न करतो गं," भिमाजी पडेल आवाजात म्हणाले. "खिशात घालून उभा राहतो. पण समोरच्याने स्क्रू उलटा फिरवला की ते आपोआप बाहेर येतात."

अंजलीताईंनी पापड मोडला. "आपल्या बुद्धभूषणला भाकरी कोणी शिकवली?"

"तू."

"मी नाही. मेंदीने. आपल्या स्नेहाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, घरात नऊ माणसं जेवायची, आणि हा एकटा मोकळा. मी स्टुलावर बसून नुसती सांगत होते. पहिली भाकरी तव्याला अशी चिकटली की ती काढायला तुमचा पाना लागला. माझे हात शिवशिवत होते, पण करणार काय? सातवी भाकरी फुगली. आज पुण्यात तो रोज करून खातो. माझे हात मोकळे असते ना, तर तो अजून डबा मागवत असता."

भिमाजी जेवायचे थांबले. त्यांनी आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि यंत्राकडे बघावं तसे त्यांच्याकडे बघत राहिले.

*

अशा रीतीने सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी नाशिकहून सुरगाण्याच्या गाडीत पगारे पती-पत्नी शेजारी बसले. पिशवी भिमाजींच्या मांडीवर, आणि अंजलीताईंच्या पर्समध्ये मेंदीचे दोन कोन. एकतीस वर्षं नवरा ज्या मुलखाच्या गोष्टी सांगत होता तो त्या पहिल्यांदाच बघत होत्या. वणी मागे पडली, बोरगावला गाडी वळली, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि उतारावर नागलीचे हिरवे पट्टे लागले. "बघ, किती छान," भिमाजी म्हणाले. त्यांचं बोट रस्त्याकडेच्या विजेच्या डीपीकडे होतं.

गोंदणपाड्याला पोचल्यावर देवरामने स्वागत केलं. देवराम हा तिथला शिपाई. डॉक्टर येत-जात राहतात, देवराम वीस वर्षं तिथेच आहे. केंद्रातल्या एकुलत्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेच्या करदोट्याला असते. कपाटात भिमाजींनी वेळोवेळी दिलेले सुटे भाग आहेत: फ्यूज, वायरी, बाळाच्या अंगाला लावायचा वॉर्मरचा तापमापक. यातला एकही भाग आजवर वापरला गेलेला नाही, कारण वापरला तर संपेल, असं देवरामचं साधं, बिनतोड मत आहे.

"पगारेसाहेब, बरा झाला तुम्ही आले," तो म्हणाला. "मशीन कालपासून मुकी हाय."

वॉर्मर खरंच बंद होता. भिमाजींना मनातून आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाजही वाटली. आतून हर्षाली सिस्टर आल्या. हर्षाली भोये, वय सव्वीस, पेठची मुलगी. अडलेली बाळंतीण न डगमगता सोडवणारी. पण वॉर्मरचं झाकण उघडायचं म्हटलं की दोन पावलं मागे.

"काका, तुम्ही बघा, तोवर मी चहा सांगते."

"चहा नको. तू बघायचं आहे."

"मी?" ती हसली. "आणि तुम्ही काय करणार?"

भिमाजींनी व्हरांड्यातल्या बाकावर बसून दोन्ही हात पुढे केले. अंजलीताईंनी पर्समधून कोन काढला आणि दवाखान्यात आलेल्या सगळ्या पेशंटांसमक्ष नवऱ्याच्या तळहातावर मेंदी काढायला सुरुवात केली. साधी नाही, मधे सूर्यफूल, बोटांवर वेली, पेरांवर ठिपके. लसीला आलेल्या बायका भोवती गोळा झाल्या.

"बाबाचा लगीन हाय का?" एकीने विचारलं.

"याच बाईसंगं," अंजलीताई मान न उचलता म्हणाल्या. "तेहतीस वर्षांपूर्वी झालंय. मेंदी राहिली होती."

हर्षालीला सगळा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा तिला हसावं की घाबरावं ते कळेना. पण दोन्ही हात पोलीस पकडायला आल्यासारखे वर धरून भिमाजी वॉर्मरसमोरच्या स्टुलावर बसले, आणि पळवाट उरली नाही.

"आधी काय?" त्यांनी विचारलं.

"आधी... झाकण उघडू?"

"आधी हात मागे. दोन मिनिटं नुसतं बघ. मग आधी भिंत, मग वायर, मग मशीन. याच क्रमाने."

हे ते चौदाही प्रशिक्षणांत म्हणाले होते, पण म्हणता म्हणता स्वतः भिंत, वायर आणि मशीन उरकून टाकायचे. आज फक्त म्हणता येत होतं. हर्षालीने भिंतीवरच्या बोर्डात आपला मोबाइल लावून पाहिला. चार्ज होत होता. म्हणजे भिंत बरी. मग वायर बोटांनी चाचपत मशीनपर्यंत आली. कुठे कट नाही, प्लग घट्ट. इथवर वीस मिनिटं गेली. भिमाजींच्या कपाळावर घाम आला.

"मागच्या बाजूला काळी टोपी आहे बघ. ती. ती नाही! तिच्या शेजारची! डावीकडे, डावीकडे फिरव! अगं डावीकडे म्हणजे..." त्यांचा उजवा हात झेपावला, आणि ओली मेंदी वॉर्मरच्या पांढऱ्या दांड्याला लागणार तोच अंजलीताईंनी मनगट धरलं.

"तोंडालाही मेंदी लावू का?"

भिमाजींनी हात पुन्हा वर धरले. मग त्यांचं नाक खाजायला लागलं. ज्याचे दोन्ही हात अडकलेले असतात त्याचं नाक खाजतंच. त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून डोंगर बघत होती. शेवटी देवरामने मोठ्या अदबीने आपल्या रुमालाने साहेबांचं नाक पुसून दिलं.

अर्ध्या तासाने मेंदी वाळायला लागली. वाळली तर झटकून टाकता येते, हे भिमाजींच्या लक्षात आलं होतं आणि डोळ्यांत चमकही आली होती. पण अंजलीताई जुन्या जाणत्या. त्यांनी चहाच्या डब्यातली साखर आणि लिंबाचं पाणी केलं, ड्रेसिंगच्या ट्रेमधला कापसाचा बोळा बुडवला आणि दोन्ही तळव्यांवर दाबून दाबून लावला. मेंदी पुन्हा ओली.

हर्षालीने टोपी काढली. आतून काचेची बारीक नळी निघाली. तिने ती उजेडात धरली. मधली तार तुटलेली होती.

"हा... हा फ्यूज उडालाय ना काका?"

"मला काय विचारतेस? तुझ्या हातात आहे."

"उडालाय," ती म्हणाली, यावेळी प्रश्नचिन्हाशिवाय. "देवरामकाका, नवा फ्यूज द्या. याच आकड्याचा, दुसरा नको."

देवरामने करदोट्यावर हात ठेवला. "तो जपून ठेवलेला हाय."

"कशासाठी?"

देवरामने विचार केला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. बऱ्याच वेळाने किल्ली बाहेर आली.

वॉर्मर लागला तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. वरचा लाल रॉड तापला आणि हर्षालीने त्याच्याखाली आपला हात धरला. मग देवरामने धरला, मग लसीच्या बायकांनी. भिमाजींनी हात धरला नाही. तो मेंदीने भरला होता. ते पंख्याकडे बघत बसले.

परतताना गाडीत ते म्हणाले, "मी चार मिनिटांत केलं असतं."

"माहीत आहे," अंजलीताई म्हणाल्या. "झोपा आता."

*

महिनाअखेरपर्यंत बारा केंद्रं झाली. बारा वेळा मेंदी लागली. काही ठिकाणी अंजलीताईंना जमलं नाही, तिथे तिथल्या सिस्टरनीच काढली; एकीने बदाम काढला, एकीने घाईत नुसते पंजे बरबटवले. तीस तारखेला निरोप समारंभात साहेबांनी शाल दिली आणि ती घ्यायला जे हात पुढे आले ते नव्या नवरीला लाजवतील असे रंगलेले होते. साहेबांनी ते पाहिलं, काही विचारावं की विचारू नये याचा विचार केला आणि भाषणात "रंगतदार व्यक्तिमत्त्व" असा शब्द घातला.

मग दसरा आला. भिमाजींनी लेण्यांच्या पायथ्याशी वंदना केली, ओळखीच्यांना जय भीम घातला आणि घरी येऊन फोन चार्जिंगला लावला. उद्याची तयारी.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले, फोन वाजला नाही. नऊ वाजले. दहाला त्यांनी अंजलीताईंच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. वाजला. म्हणजे फोन बरा होता. भिंत, वायर, मशीन सगळं ठीक. आणि तरी तो गप्प. दुपारी त्यांनी गॅलरीतली नळाची चावी, जी गळत नव्हती, ती खोलून परत बसवली. त्यानंतर ती गळायला लागली.

"दोन शक्यता आहेत," संध्याकाळी ते म्हणाले. "एक तर सगळं चालू आहे. नाहीतर सगळं बंद आहे आणि काका निवृत्त झाले, त्यांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून कोणी कळवत नाही."

"मग जाऊन बघून या."

"छे छे. ...सहा दहाची गाडी आहे."

सकाळी निघताना अंजलीताईंनी खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "सहज चाललात ना? मग ही कशाला?" भिमाजी रिकाम्या खांद्याने निघाले. टेस्टर खिशात होता, तो अंजलीताईंना दिसला नाही, किंवा त्यांनी दिसल्याचं दाखवलं नाही.

गोंदणपाड्याच्या व्हरांड्यात कोणी नव्हतं. भिमाजी चपला काढून आत गेले. वॉर्मर चालू होता. त्याखाली मूठभर बाळ झोपलं होतं, इतकं लहान की त्याच्या टोपीत मावलं असतं. शेजारी लोखंडी स्टुलावर एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. भिमाजींनी पाहिलं: तापमापकाची वायर नवी होती. कपाटातली. आणि ती दांड्याला चिकटपट्टीने बांधली होती, पण पट्टी तिरकी. चांगली बोटभर तिरकी. सरळ करायला किती वेळ लागतो? हात निघाला.

"ए बाबा, हात नको लावू!" म्हातारी कडाडली. "शिस्टर येल. तिची मशीन हाय ती."

भिमाजींनी हात मागे घेतला. "मी... मी जरा ओळखीचा आहे."

"कोण तू? औषधवाला?" तिने त्यांच्या तळव्यांवरच्या फिक्या केशरी रंगाकडे संशयाने पाहिलं. "बांगड्या विकतो काय?"

एकतीस वर्षांत या दवाखान्यात भिमाजींना कोणी 'कोण तू' विचारलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. मग वाटलं, आपल्याला वाईट का वाटतंय? आणि मग छातीत काहीतरी हळूच सैल झालं, बऱ्याच वर्षांनी एखादा गंजलेला नट सुटावा तसं. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि बाळाकडे बघू लागले.

"नातू आहे का, आजी?"

"नात. परवा झाली. वजन नाय काही. काल सांजेला मशीन वरडाया लागली, माझं काळीज पाणी झालं. पन ती पोर हात पाठी बांधून उभी. म्हटलं, येडी झाली काय? मंग भिताडाकडं बघते, वायरीकडं बघते. तवर पोरीला आईच्या उराशी दिली. चहा उकळायला लागतो तेवढ्यात मशीन परत लागली."

तेवढ्यात हर्षाली आली. "अय्या, काका! भागीबाई, अहो हे पगारेकाका. यांनीच शिकवलं मला."

"यानं?" भागीबाईंनी भिमाजींना पुन्हा एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांचं मत फारसं बदललेलं दिसलं नाही.

"फोन का केला नाहीस?" भिमाजींनी विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला.

"देवरामकाका लावत होते. मीच हातातून घेतला. म्हटलं, काकांना फोन केला की ते येणार, आणि आले की करून टाकणार. मग मी बघितलं. तापमापकाची वायर प्लगपाशी आतून तुटलेली. वरून कळत नव्हतं, हलवली की अलार्म बंद व्हायचा, सोडली की वाजायचा. नवीन लावली."

"देवरामने दिली?"

"स्वतःहून."

देवराम दारात उभा होता. त्याने भिमाजींना खुणेने बोलावलं आणि कपाटापाशी नेलं. वॉर्मरला यंदा आंघोळ नव्हती. हळदकुंकवाचं बोट फक्त खालच्या चाकाला लागलं होतं, आणि माळ शेजारच्या खिळ्याला. "सिस्टर बोलली, भोकात नाय घालायचा. मी बोललो, मंग आमी देवाला काय वाहायचा? तर हे काढला." त्याने कपाट उघडलं. खालच्या फळीवर फडकं अंथरून हत्यारं ओळीने मांडली होती: स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, ब्रश, स्पिरिटची बाटली. आणि शेवटी, झेंडूच्या दोन फुलांमध्ये, कुंकवाचा टिळा लावलेला, अंजलीताई विसरून गेलेला मेंदीचा कोन.

"तो कशाला?" भिमाजींनी विचारलं.

"तो बी हत्यारच ना," देवराम म्हणाला.

पूजेअर्चेच्या बाबतीत भिमाजींची मतं पक्की होती आणि देवरामशी त्यावर त्यांचा दर दसऱ्याला वाद व्हायचा. आज त्यांनी कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

आतून फोन वाजला. भिमाजींचा हात खिशाकडे गेला, पण तो हर्षालीचा होता. पेठकडच्या कुठल्यातरी केंद्रातली सिस्टर असावी. तिकडचा आवाज बारीक आणि घाबरा येत होता.

"हो. हो. थांबा सिस्टर, आधी हात मागे घ्या," हर्षाली सांगत होती. "नाही, झाकण नाही. नुसतं बघा दोन मिनिटं. मग आधी भिंत... कुंकू घातलंय? कुठे? बरं, असू द्या, टूथब्रश आहे का? नाही, मी नाही येत. तुम्हीच करायचं, मी फोनवर आहे."

भिमाजी व्हरांड्यात येऊन बाकावर बसले. देवरामने चहा आणला, बिनसाखरेचा. समोर भात पिवळा पडायला लागला होता. मग त्यांच्याही खिशातला फोन वाजला, आणि त्यांनी इतक्या घाईने काढला की टेस्टर खाली पडला.

"काय झालं?" अंजलीताईंनी विचारलं. "बंद आहे का?"

"चालू आहे."

"हात लावलात?"

"नाही."

"खरं सांगा."

भिमाजींनी आत पाहिलं. दारातून वॉर्मरचा दांडा दिसत होता आणि ती पट्टी.

"चिकटपट्टी तेवढी तिरकी लावली आहे गं."

"मग?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "राहू दे म्हटलं," ते म्हणाले, आणि पायाने टेस्टर बाकाखाली सरकवला.